चिमट्याची कुळकथा

दिवाळीच्या अंकात पोटाच्या विकारांवर लिहू नये, असा एक शिष्टसंकेत आहे. समोर चकल्या-अनारशांचे ताट, दारात आकाशकंदील, आणि हा गृहस्थ रक्तस्राव घेऊन बसला, असे कुणी म्हटले तर त्याला मी दोष देणार नाही. परंतु ज्या अवयवाच्या भरवशावर आपण सारे फराळाला बसतो, त्याची वर्षातून एकदा तरी विचारपूस करावी, असे मला वाटते. शिवाय मला जी गोष्ट सांगायची आहे ती रोगाची नाही. ती एका चिमट्याची आहे.

चिमटा ही तशी उपेक्षित वस्तू. चुलीतला निखारा उचलणारा चिमटा, दोरीवरचे धोतर वाऱ्याने उडू न देणारा चिमटा, पोरीबाळींच्या केसांतला चिमटा आणि बैराग्याच्या हातात वाजणारा चिमटा, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. त्याला काही इतिहास असेल, असे मनातही येत नाही. पण तांदळाच्या एक-दोन दाण्यांएवढा एक पोलादी चिमटा आज माणसाच्या जठरात जाऊन त्याचे प्राण वाचवतो. डॉक्टर मंडळी त्याला ‘क्लिप’ म्हणतात. त्या चिमट्याला पोटापर्यंतची ती हातभर वाट चालायला किती काळ लागला, हीच त्याची कुळकथा.

प्रथम संकट काय असते ते पाहू. जठराच्या किंवा त्याच्या पुढच्या आतड्याच्या अस्तराला कधी कधी व्रण पडतो. हा व्रण खोल जात जात भिंतीतल्या एखाद्या धमनीपर्यंत पोहोचतो आणि तिला भोक पाडतो. ही धमनी ती केवढी? बहुधा सुतळीएवढीच जाड. पण तिच्या मागे हृदयाचा पंप अखंड चाललेला असतो. मग माणसाला रक्ताची उलटी होते. कधी ती लालभडक, तर कधी कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट. किंवा उलटी न होता शौचालाच डांबरासारखे काळे, चिकट, उग्र वासाचे होते, कारण रक्त आतड्यांतून जाताना काळे पडते. बाहेर कुठे खरचटलेले नाही, जखम दिसत नाही, आणि माणूस मात्र आतल्या आत रिता होत जातो. हात कापला तर लहान मूलसुद्धा दुसऱ्या हाताने जखम दाबून धरते. पोटातल्या धमनीला चिमटीत धरणार कोण?

रक्त थांबवण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुताने सूत्रस्थानात त्याचे चार उपाय सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनी जखमेच्या कडा जुळवून आणणे ते संधान. थंडीने रक्त गोठवणे ते स्कंदन. भस्माने व्रण सुकवणे ते पाचन. आणि डाग देऊन शिरा आकुंचित करणे ते दहन. दहन हा शेवटचा उपाय. बाकीचे हरले म्हणजे तो करावा, असा क्रमही त्याने घालून दिला आहे. हे चार शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत, कारण पुढची सारी गोष्ट या चौघांच्याच अवतीभवती फिरते.

याच सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, उदररोगांच्या प्रकरणात, एक विलक्षण कृती आहे. आतड्याला छिद्र पडले असेल तर पोट उघडावे, छिद्राच्या कडा जुळवाव्यात आणि त्यांवर मोठे काळे मुंगळे डसवावेत. मुंगळ्याने जबडा घट्ट मिटला की त्याचे धड तोडून टाकावे आणि डोके तसेच राहू द्यावे. मग आतडे आत सारून वरून पोट शिवावे. मुंगळा एकदा चावला की तुटेल पण सोडणार नाही, हे आंब्याच्या झाडावर चढलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. त्या हट्टाचा असा उपयोग करावा हे ज्याला सुचले, तो शस्त्रवैद्य खरोखरच थोर म्हटला पाहिजे.

परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘हे सारे आमच्याकडे होतेच’ अशी कॉलर ताठ करण्याचा मोह अशा वेळी होतो. तो आवरला पाहिजे. सुश्रुताला पोट उघडावे लागत होते, आणि मुंगळ्याचे काम छिद्र बुजवण्याचे होते, धमनी धरण्याचे नव्हे. आजचा चिमटा त्या मुंगळ्याचा वंशज आहे असे म्हणायला आधार नाही. एवढे मात्र खरे की कडा जुळवायच्या, जबड्याने धरायच्या आणि तो जबडा आतच सोडून यायचे, ही कल्पना माणसाला फार पूर्वी सुचली होती.

युरोपात बराच काळ दहनाचेच राज्य होते. रणांगणावर पाय कापला की थोटकावर लाल तापलेले लोखंड टेकवायचे. १५५२ साली दाँव्हिलेच्या वेढ्यात आंब्रवाझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्याने डाग न देता धमनीचे तोंड चिमट्यात पकडून दोऱ्याने बांधले. पुढे १९११ साली अमेरिकेत हार्वे कुशिंग मेंदूवर शस्त्रक्रिया करीत असताना त्यांना अडचण आली की, मेंदूतल्या खोल, नाजूक शिरेला दोऱ्याची गाठ मारता येत नाही. त्यांनी चांदीच्या तारेचा इवलासा चिमटा केला, तो शिरेवर दाबला आणि तिथेच ठेवून दिला. म्हणजे धमनी धरण्याची विद्या या वेळेपर्यंत पूर्ण झाली होती. उणीव एकच होती: ही सारी विद्या हात पोहोचेल तिथेच चालत होती. जठर काळोखात होते.

या काळोखात डोळा घालण्याची माणसाची धडपड म्हणजे एक स्वतंत्र महाभारत आहे. १८०६ साली फ्रँकफुर्टच्या फिलिप बोत्सिनी या वैद्याने मेणबत्ती आणि आरसा बसवलेला एक कंदील केला. शरीराच्या द्वारांतून आत पाहण्यासाठी तो होता. व्हिएन्नाच्या विद्वानांत त्यावर वाद माजले आणि कंदील बाजूला पडला. १८६८ साली फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमाउल यांना एका तलवार गिळणाऱ्या डोंबाऱ्याची आठवण झाली. तलवार जाते तर नळी का जाणार नाही? त्यांनी त्याला बोलावून सरळ धातूची नळी गिळायला लावली. नळी गेली, पण उजेड पुरेना. १९३२ साली म्युनिकच्या रुडोल्फ शिंडलर यांनी पुढून थोडी वाकणारी, आत अनेक भिंगे बसवलेली दुर्बीण सिद्ध केली. पुढे नाझी राजवटीत त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. सुटका झाल्यावर १९३४ साली ते शिकागोला गेले आणि त्यांची विद्याही त्यांच्याबरोबर अमेरिकेत गेली.

जपानात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे. तेथे उजी तात्सुरो या डॉक्टरांनी ऑलिंपस कंपनीच्या सुगिउरा आणि फुकामी या तंत्रज्ञांच्या साहाय्याने १९५० साली गिळता येण्याजोगा कॅमेराच तयार केला. आणि मग आली काचेच्या तंतूंची किमया. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनला हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली काम करीत होते. काचेच्या हजारो बारीक तंतूंची जुडी वाकवली तरी तिच्यातून चित्र जसेच्या तसे पलीकडे जाते, हे या दोघांनी १९५४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. तो लेख वाचून बेसिल हिर्शोविट्झ हे डॉक्टर लंडनला आले, तेथून मिशिगनला परतले आणि आपल्या सहकाऱ्यांसह त्यांनी दोरीसारखी लवचिक दुर्बीण बनवली. १९५७ साली ती त्यांनी प्रथम स्वतःच गिळली, आणि थोड्याच दिवसांत रुग्णाला दिली. काळोख संपला. एका भारतीयाचा हातभार त्याला लागला याचा आपल्याला अभिमान वाटला तर तो रास्त आहे.

आता वाटेल की प्रश्न सुटला. तो सुटला नव्हता, आणि हे सांगताना माझ्या आजोळची एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही.

साठीच्या दशकातली गोष्ट. कोकणातल्या आमच्या आजोळी माझ्या थोरल्या मामांना एका पहाटे रक्ताची उलटी झाली. गुडघे दुखत म्हणून ते पुष्कळ दिवस दुखण्यावरच्या गोळ्या घेत होते, तेही बहुधा उपाशी पोटी, नुसत्या चहाबरोबर. डॉक्टर आले. त्या काळी जे सांगत तेच त्यांनी सांगितले: पडून राहायचे, तोंडाने अन्न नाही, बर्फाचे खडे चघळायचे. बर्फ कुठला मिळायला? बंदरावर मासळीच्या पेट्यांसाठी येणारा बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून आणला. मामी तो फडक्यात बांधून वरवंट्याने फोडत होती. मामा मला म्हणाले, “अरे, असा थंडगार फराळ कधी केला नव्हता हो!” तिसऱ्या दिवशी पुन्हा उलटी झाली. तालुक्याच्या गावी नेण्यासाठी मोटारीची सोय होईपर्यंत ते राहिले नाहीत. आजही बर्फ फोडण्याचा आवाज ऐकला की मला ते माजघर दिसते.

पुढे मी या विषयावर वाचू लागलो तेव्हा समजले की तो बर्फ म्हणजे सुश्रुताचे स्कंदनच. जगातल्या मोठमोठ्या रुग्णालयांतसुद्धा नळी घालून बर्फाच्या पाण्याने जठर धूत असत. उपासाचा नियम मात्र कोपनहेगनच्या मोयलेनग्राख्ट यांनी १९३५ सालीच मोडून दाखवला होता. रक्त पडणाऱ्या रुग्णांना ते पहिल्या दिवसापासून नीट जेवू घालीत, आणि त्यांचे रुग्ण अधिक बरे होत. परंतु ज्याची धमनीच उघडी पडली त्याला ना बर्फ पुरेसा होता ना जेवण. त्याला एकच वाट उरे: पोट उघडून धमनी शिवणे, नाही तर जठराचा तुकडाच काढून टाकणे. आधीच रक्त गेलेल्या, वय झालेल्या माणसाला ती शस्त्रक्रिया सोसणे कठीण जाई.

आणि दुर्बीण? ती तर आली होती! १९७४ साली एडिंबरोच्या फॉरेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून दिसणाऱ्या व्रणांचे वर्गही पाडले. कारंज्यासारखे रक्त उडणारा, झिरपणारा, उघडी धमनी दिसणारा, गुठळी धरलेला, स्वच्छ तळाचा. कोणता व्रण पुन्हा वाहील हे त्यावरून सांगता येऊ लागले. पण १९८१ साली डॅलसच्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी २०६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची दुर्बिणीने लगोलग तपासणी केली, दुसऱ्याची केली नाही. दोन्ही गटांत मृत्यू, पुन्हा होणारा रक्तस्राव आणि रुग्णालयातले दिवस सारखेच आढळले. दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या तपश्चर्येने मिळवलेला डोळा, आणि नुसत्या पाहण्याने रुग्णाच्या पदरात काहीच पडत नव्हते! विहिरीत पडलेल्या माणसाला काठावरून कंदील दाखवावा, तशातली गत. कंदील हवाच, पण दोरही हवा.

तो दोर, म्हणजे खरे तर हात, हळूहळू येत होता. दुर्बिणीच्या अंगात दोन-तीन मिलिमीटर रुंदीची एक पोकळ वाट ठेवलेली असे. तिच्यातून चिमटीभर मांसाचा नमुना घेता येई. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या यांनी त्याच वाटेने तारेचा फास घालून मोठ्या आतड्यातली गाठ कापून काढली. पुढे ऐंशीच्या दशकात कुणी व्रणाभोवती अॅड्रिनॅलिन टोचू लागले, कुणी तापलेल्या टोकाने किंवा लेसरने धमनी भाजू लागले. म्हणजे पुन्हा दहन! ते गुणकारी ठरले, पण जास्त भाजले तर आतड्याला भोक पडण्याची भीती. अॅड्रिनॅलिनने रक्त थांबते, पण त्याचा अंमल उतरला की ते पुन्हा वाहू शकते.

आणि संधान? ते १९७५ सालीच जपानात अवतरले होते. हायाशी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या वाटेने आत सोडायचा, धमनीवर मिटायचा आणि तिथेच ठेवून यायचा धातूचा चिमटा त्या वर्षी एका जपानी नियतकालिकात वर्णन केला. कल्पना सोपी, पण काम किचकट. एकेक चिमटा हाताने तारेच्या आकड्यात अडकवायचा, नळीत ओढून घ्यायचा, आत नेऊन उघडायचा, नेम धरून मिटायचा; आणि दुसरा हवा असेल तर सारा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून. इकडे रक्त वाहतेच आहे. त्यामुळे हे साधन बरीच वर्षे मागे पडले. १९८८ साली हाचिसू यांनी सुधारलेल्या उपकरणाचे अनुभव प्रसिद्ध केले, १९९३ साली हँबुर्गच्या बिनमोएलर, टोंके आणि सोहेंद्रा यांनी युरोपातले आपले अनुभव मांडले, आणि मग चिमट्याला चांगले दिवस आले. चिमटे आधीच भरलेले मिळू लागले. गोल फिरवता येऊ लागले. नेम चुकला तर उघडून पुन्हा धरता येऊ लागले.

आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंनी असा एक चिमटा माझ्या तळहातावर ठेवला होता. मी चष्मा पुसून पाहिला. दोन इवल्या पात्या, टोकाशी किंचित आत वळलेल्या. थेट मुंगळ्याचा जबडा. मी विचारले, “बाई, हा मग काढायचा केव्हा?” त्या हसून म्हणाल्या, “काढायचा नसतोच, काका. व्रण भरत आला की काही आठवड्यांत आपला आपण सुटतो आणि शौचावाटे निघून जातो. फक्त एमआरआय काढायची वेळ आली तर क्लिप बसवली आहे हे आठवणीने सांगायचे.”

भाजण्याचे दुखणे नाही, टाके नाहीत, आणि काम संपल्यावर निरोपही न घेता जाणारा हा पाहुणा मला फार आवडला. पॅरिसच्या दिउलाफ्वा यांनी १८९८ साली एका विचित्र विकाराचे वर्णन केले होते. जठरात व्रण म्हणावा असा नसतोच. अस्तरावर टाचणीच्या डोक्याएवढा ओरखडा, आणि त्याखाली नको तेवढी मोठी धमनी. तेथून रक्ताची चिळकांडी उडते आणि थांबली की जागा सापडत नाही. अशा ठिकाणी तर चिमट्यासारखा सोबती नाही. रक्त थांबते, आणि पुन्हा शोधायची वेळ आली तर तो खुणेच्या दगडासारखा तिथे उभा असतो.

अर्थात त्यालाही मर्यादा आहेत. व्रणाचा तळ जुनाट, चामड्यासारखा निबर झालेला असला तर पात्या रुतत नाहीत. जठरापुढच्या आतड्याच्या मागच्या भिंतीवर समोरून नेम धरता येत नाही. त्यासाठी जर्मनीत ट्यूबिंगेन येथे मोठा चिमटा निघाला. शिकारी जमिनीत पुरतात तशा दातेरी चापासारखा हा चिमटा दुर्बिणीच्या टोकावर टोपीसारखा चढवून नेतात. त्याचे रुग्णांवरचे पहिले अनुभव २००७ साली प्रसिद्ध झाले. एकदा थांबवूनही पुन्हा वाहू लागलेल्या व्रणांच्या ६६ रुग्णांवर त्याची नेहमीच्या उपचाराशी तुलना केली गेली, तिचे निष्कर्ष २०१८ साली आले: नेहमीच्या उपचाराने ३३ पैकी १९ जणांचा रक्तस्राव थांबला नाही किंवा पुन्हा झाला, या चापाने ३३ पैकी ५ जणांचाच.

चिमट्याचे गुण गाताना त्याच्या जोडीदारांना विसरणे बरे नव्हे. बहुतेक व्रणांच्या मुळाशी एक जंतू आहे, हे ऑस्ट्रेलियाच्या वॉरन आणि मार्शल यांनी ऐंशीच्या दशकात दाखवले. मार्शल यांनी तर १९८४ साली तो जंतू स्वतःच पिऊन पाहिला. २००५ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुर्बिणीने रक्त थांबवल्यावर आम्ल कमी करणारे ओमेप्राझोल शिरेतून दिले तर रक्तस्राव उलटण्याचे प्रमाण २२.५ टक्क्यांवरून ६.७ टक्क्यांवर येते, हे हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २००० साली सिद्ध केले. चिमटा धरून ठेवतो. भरून काढण्याचे काम औषधांचे आणि निसर्गाचे.

आणि मामांच्या त्या गोळ्या? अॅस्पिरिन जठराच्या अस्तराला डिवचते, हे लंडनच्या डाउथवेट आणि लिंटॉट या डॉक्टरांनी शिंडलरच्या पद्धतीच्या दुर्बिणीतून पाहून १९३८ सालीच लिहून ठेवले होते. माजघरापर्यंत ती बातमी पोहोचली नाही, इतकेच. म्हणून दिवाळीच्या दिवशी एवढे पथ्य सांगण्याची मुभा वाचकांनी मला द्यावी. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या उशाशी दुखण्यावरच्या गोळ्यांची पाकिटे असतील तर ती कुणाच्या सल्ल्याने चालली आहेत याची चौकशी करा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळे होते, हे खरे. पण डांबरासारखे चिकट काळे झाले, घेरी आली, किंवा रक्ताची उलटी झाली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. बर्फ शोधू नका. रुग्णालय गाठा.

शास्त्राच्या इतिहासात डोळ्याचे पोवाडे पुष्कळ गायले जातात. मेणबत्तीचा कंदील, तलवार गिळणारा डोंबारी, काचेचे तंतू. साऱ्या कथा सुरस आहेत. पण पाहणाऱ्याने पाहून थांबायचे नसते, हे चिमट्याने शिकवले. आपण आपल्या माणसांकडे येता-जाता पाहतच असतो; त्यातल्या कुणाचा हात वेळेवर धरला जातो, त्यावर पुढच्या दिवाळीला पंगतीत किती पाने मांडायची हे ठरते.